थोरल्या दिरांच्या हातातली बाटली

कोण, रुखसाना? आई जाऊन महिना होत आला आणि मला आत्ता फोन करतेस? सांगली काय परमुलखात आहे का? मातीला तरी आले असते गं...

तुझी आई, शमा सिस्टर, मला भेटली ती साताऱ्याच्या दवाखान्यात. आमच्या ह्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं. तिनं तेव्हा वॉर्डात नवीनच पद्धत काढली होती. प्रत्येक खाटेला हात चोळायच्या औषधाची बाटली, आणि जो पेशंटला हात लावील त्याला नातेवाइकानं आधी टोकायचं. मोठा डॉक्टर असला तरी. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी म्हसवडहून थोरले दीर आले, सिद्धनाथाचा अंगारा घेऊन. एसटीतनं उतरले ते थेट खाटेशी. कपाळाला अंगारा लावला, मग पट्टी उचलून टाके बघितले आणि तिथंही चिमूटभर लावला. मी डोक्यावरचा पदर सावरत नुसती उभी. त्यांच्यापुढं जन्मात तोंड उघडलं नव्हतं, तिथं कसं उघडणार? सिस्टरलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ह्यांना ताप भरला, जखमेत पू झाला. माणूस हातचा जातो की काय, असं झालं. तेव्हा रडत रडत सगळं सांगितलं.

"आवं, मला तवाच सांगायचं," तुझी आई म्हणाली. "तुमी भावजय. मी कुणाची भावजय न्हाई."

डॉक्टरांनी टाके काढून जखम धुतली, औषधं बदलली. दिरांना मात्र ती एका शब्दानं बोलली नाही. त्यांच्या हातात बाटली दिली, म्हणाली, "दाजी, अंगारा उशाशी ठिवा, देव रागवायचा न्हाई. आता राखण तुमची."

झालं! दीर दारात खुर्ची टाकून बसले. पाहुणा असो की शिपाई, सोडतील तर शपथ. मोठ्या डॉक्टरांनाही म्हणाले, "सायेब, हात फुडं करा. सिस्टरचा हुकूम हाय." डॉक्टर हसले, पण हात पुढे केले. पंधरा दिवसांनी हे आपल्या पायांनी घरी आले. अजून रोज सकाळी मळ्यात जातात.

परवा नातसून बाळंत होऊन घरी आली. दीर बाहेरून आले ते तडक पाळण्याकडे वाकले. वय झालं, विसरले असतील... माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, हात धुतले का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं न्हाणीकडे गेले.

हे तुझ्या आईला सांगायचं होतं गं. आता तूच ऐकलंस. ह्याच रविवारी ये.