भाऊंची वाचा गेली तेव्हा

चंद्रपूरच्या एका मंगल कार्यालयात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गोल करून बसलेल्या आम्हा सगळ्यांनी भाऊंना टाळ्या वाजवल्या, आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकलेली होती. हे वाक्य मी मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. अजूनही ते मला खरं वाटत नाही.

भाऊ म्हणजे आमच्या संस्थेचे संस्थापक. धानोरा तालुक्यातल्या गावांमध्ये आम्ही ग्रामसभांबरोबर काम करतो. तेंदूपत्ता, मोहफूल, बांबू यांची विक्री गावानं स्वतः करावी, ठेकेदाराशी बोलणी गावानं स्वतः करावीत, यासाठी बैठका घ्यायच्या, कायदा समजावून सांगायचा, भांडणं मिटवायची. भाऊ झाडीपट्टीतल्या धान पिकवणाऱ्या घरातले. तरुणपणी धानोऱ्याला आले, गावागावांत राहिले आणि गोंडी शिकले. मी वरोऱ्याकडची, कापूस-सोयाबीनवाल्यांची मुलगी. लग्न होऊन गडचिरोलीला आले आणि त्यांच्या हाताखाली कामाला लागले, ती तिथलीच झाले. भाऊंचं सगळं काम बोलण्यावर चालायचं. चिडलेल्या गावाला शांत करायचं ते बोलून, वनखात्याच्या साहेबाला मागे हटवायचं तेही बोलूनच. आम्ही बाकीचे त्यांच्या मागे सतरंजी अंथरणारे.

ते वर्ष वाईट होतं. आमचा मोठा निधी एकाएकी बंद झाला होता. दोन चांगले कार्यकर्ते सूरजागडकडे खाणीत नोकरीला निघून गेले, आणि त्यांना अडवायला आमच्याकडे तोंड नव्हतं. अशात प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. अनिश्चित काळात संस्था कशी चालवायची, प्रमुखांनी स्वतः खचून न जाता माणसं कशी टिकवायची, असा विषय होता. दोन्ही जिल्ह्यांतल्या लहान संस्थांचे प्रमुख येणार होते.

भाऊ जायला तयार नव्हते. "मले आता कोन शिकवन नेतृत्व?" ते म्हणाले. "आन् आपल्याकडे काळ निश्चित कवा होता व?"

मी हट्ट धरला. तेंदूच्या लिलावाचे दिवस जवळ आले होते, म्हणून ते कुरकुरत होते, पण शेवटी गाडीत बसले. वाटेत मूल गाव येईपर्यंत बोलले नाहीत. मूलला भजी खाल्ल्यावर मग बोलायचे थांबेनात.

प्रशिक्षण देणारी बाई पुण्याची होती, वयानं भाऊंच्या मुलीएवढी. आवाज मृदू, पण कोणाला सोडायची नाही. पहिल्या दिवशी तिनं चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येक चिठ्ठीत एक संकट होतं. आमच्या गटाला निघालं, 'आजपासून तुमचे प्रमुख उपलब्ध नाहीत.' म्हणजे भाऊंनी अजिबात बोलायचं नाही, बाकीच्यांनी ठरवायचं. भाऊंना ते काही जमेना. मी काही म्हटलं की मागून आवाज यायचा, "तसं नाई व, तसं नाई!" सगळा हॉल हसायचा. शेवटी त्या बाईनं त्यांना हात जोडून सांगितलं, "भाऊ, तुम्ही आत्ता नाही आहात."

"हाव, नाई मी," भाऊ म्हणाले, "पन मी नसल्यावर हे काय करतीन ते त पाहू दे मले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकानं उभं राहून आपल्या मनातली एक भीती सांगायची होती. भाऊंची पाळी आली. हातात चहाचा कप घेऊनच ते उठले. मला वाटलं, आता अर्धा तास गेला.

"आपन..." ते म्हणाले. मग थांबले. "आपन हा दरवाजा... पिकला नं दरवाजा. पिकून... हे..." आणि मग एक शब्द, जो कुठल्याच भाषेत नव्हता.

लोकांना वाटलं, भाऊ कालची चिठ्ठी करून दाखवत आहेत. प्रमुख उपलब्ध नाहीत, ते असे. पलीकडच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "वा भाऊ! एक नंबर!" आणि टाळ्या सुरू झाल्या. माझेही हात टाळ्यांसाठी उचलले गेले होते.

तेवढ्यात मला कप दिसला. उजव्या हातातला कप कलंडला होता आणि चहा त्यांच्या पँटवर सांडत होता. चहा गरम होता, वाफ दिसत होती. भाऊंना त्याचं काहीच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत इतकं आश्चर्य होतं, जणू मीच त्यांचा शब्द पळवला होता.

"थांबा!" मी ओरडले. "थांबा, हे नाटक नाहीये!"

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. एकेक करून विरत गेल्या. भामरागडकडून आलेल्या, आरोग्याचं काम करणाऱ्या एक बाई खुर्ची ढकलून पुढे आल्या. भाऊंचं तोंड एका बाजूला ओघळलेलं त्यांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "लकवा हाय. गाडी काढा."

गाडीत भाऊ माझ्या खांद्यावर होते. प्रशिक्षण देणारी बाई पुढच्या सीटवर बसली होती आणि मागे वळून वळून म्हणत होती, "मला कळलं नाही. मला खरंच कळलं नाही." भाऊ सारखं "दरवाजा, दरवाजा" म्हणत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हे नेमकं कधी सुरू झालं? बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर नसतं, असं ते नंतर म्हणाले. माणूस झोपेतून उठतो तो तसाच उठतो. आमच्याकडे हॉलभर साक्षीदार होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत देता आलं. हीच गोष्ट धानोऱ्यापलीकडच्या एखाद्या गावात, बैठकीत झाली असती तर? मी दवाखान्याच्या बाकावर बसून मनातल्या मनात तो रस्ता मोजत होते. कच्चा रस्ता, नाला, मग डांबरी, मग गडचिरोली, मग पुढे. ज्या प्रशिक्षणाला त्यांना यायचंच नव्हतं, तिथं ते होते म्हणून वाचले. ही गोष्ट समाधानाची आहे, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मला मात्र त्या बाकावर नुसती थंडी वाजत होती, बाहेर चंद्रपूरचं ऊन असताना.

दुपारी बाई आल्या. भाऊंच्या पत्नीला आम्ही सगळे बाईच म्हणतो. गडचिरोलीहून मिळेल त्या गाडीनं आल्या होत्या. रडल्या नाहीत. भाऊंच्या उशाशी बसल्या आणि त्यांचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळत राहिल्या.

पुढे काही दिवस भाऊ नुसते बघत. मग एका सकाळी त्यांनी स्पष्ट आवाजात म्हटलं, "एर."

बाई पुढे झुकल्या. "काय म्हनता?"

"एर."

"डॉक्टरले बोलवू का? कुठी दुखून राह्यलं?"

मी दारात उभी होते. "बाई, पाणी मागत आहेत," मी म्हटलं. "गोंडीत."

बाईंनी पाणी पाजलं. भाऊ प्यायले आणि पुन्हा काहीतरी म्हणाले, तेही गोंडीतच. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं क्वचित होतं. मेंदूला मार बसला की आईच्या भाषेआधी नंतर शिकलेली भाषाही परत येऊ शकते. का, ते नीट सांगता येत नाही. मराठी येईल, नाही येईल, वाट पाहावी लागेल. बाई ते ऐकत होत्या आणि भाऊंकडे बघत होत्या. बाईंना गोंडी येत नव्हती. त्यांनी गडचिरोलीच्या घरी मुलं वाढवली होती. जंगलातली गावं हे भाऊंचं बाहेरचं जग होतं.

डॉक्टर गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "माह्या मानसाचं बोलनं मले दुसऱ्याले विचारा लागते का आता?"

मी पाण्याचा पेला धुवायला घेऊन गेले.

इकडे लिलाव तोंडावर आला होता. त्या भागातल्या ग्रामसभांची एकत्र बैठक ठरली होती, आणि दरवर्षी ठेकेदारांशी बोलणी भाऊच करायचे. मी गेले. वाटेत प्रशिक्षणात ऐकलेलं काही आठवायचा प्रयत्न केला. संकटात प्रमुखानं आधी स्वतःचा श्वास सांभाळावा, लोकांपासून काही लपवू नये, सगळी उत्तरं आपल्याकडे आहेत असं भासवू नये. तेव्हा ते ऐकून मी मान हलवली होती. आता माझा श्वास छातीतच अडकून बसला होता.

मोहाच्या झाडाखाली लोक जमले होते. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे. मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. टाळ्यांसकट. मग एका म्हाताऱ्या माणसानं विचारलं, "आमची भाषा बोलून राह्यले भाऊ? घरची नाई?"

"हो."

तो म्हणाला, "भाऊले पाह्यल्याशिवाय लिलाव नाई." मागून होकार आले. मी म्हटलं, ठेकेदार थांबणार नाहीत, भाव पडेल. लोकांनी ऐकून घेतलं, आपसात बोलले आणि तेच ठरवलं. लिलाव पुढे ढकलला. माझं पहिलंच नेतृत्व, आणि माझं म्हणणं कुणी मानलं नव्हतं.

भाऊंना तोवर गडचिरोलीला घरी आणलं होतं. एका सकाळी त्यांच्या दारात पिकअप उभी राहिली आणि तिच्यातून गावंच्या गावं उतरली, असं वाटलं. बायांनी मोहफुलं आणली होती, कुणी तांदूळ. एवढी माणसं बघून बाई गडबडल्या. मी चहाला लागले. आतून ऐकू येत होतं. भाऊ बोलत होते. तुटक, अडखळत, पण बोलत होते, आणि लोक उत्तरं देत होते. मग हसणं आलं. भाऊंचं हसणं, तोंडाच्या एकाच बाजूनं आलेलं.

मी चहा घेऊन आले तेव्हा बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. आजारपणात एकदाही न रडलेली ती बाई आता पदर तोंडाला लावून रडत होती. परकी माणसं तिच्या नवऱ्याशी बोलत होती आणि ती बाहेर उभी होती. आलेल्यांपैकी एका बाईनं हे पाहिलं. ती उठली, बाईंचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली आणि भाऊंच्या शेजारी बसवलं. मग भाऊ जे म्हणत ते ती मोडक्यातोडक्या मराठीत बाईंना सांगू लागली. "म्हनते, धान कुठी ठेवला." "म्हनते, बाईले काही खायाले देल्लं का नाई." बाई थक्क होऊन ऐकत होत्या.

मग गावकऱ्यांनी भाऊंना विचारलं, तुमच्याऐवजी हिला सोबत घेऊन लिलाव करायचा का. भाऊंनी माझ्याकडे डावा हात केला आणि म्हणाले, "हिल्ले." हिल्ले म्हणजे नाही. मला वाटलं, ते मला नको म्हणत आहेत. पण ते मान तर होकाराची हलवत होते. त्या दिवसांत त्यांच्या तोंडून होकारालाही हिल्लेच निघायचं. आपला शब्द उलटा पडला हे त्यांना कळलं, ते चिडले, आणि पुन्हा जोरात म्हणाले, "हिल्ले! हिल्ले!" लोक हसू लागले. सगळ्यांना कळलं होतं.

लिलाव झाला. बोलणी गावातल्या माणसांनी केली, मी शेजारी बसले. दर उत्तम मिळाला असं म्हणता येणार नाही. उशिराचा फटका बसलाच. पण कुणी कुणाला दोष दिला नाही, आणि पैसे ग्रामसभांच्या खात्यात आले.

पुढे विश्वस्तांनी मला प्रमुख व्हायला सांगितलं. मी म्हटलं, एकटी नाही. आता आम्ही तिघं कार्यकर्ते मिळून बघतो. कार्यालय लहान केलं, गाडी विकली. आणखी एक कार्यकर्ता गेला, पण जाताना भांडून गेला नाही. त्या पुण्याच्या बाईचा फोन अधूनमधून येतो. तिनं तो चिठ्ठ्यांचा खेळ बंद केला का, असं मी कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आम्ही भाऊंच्या तब्येतीचंच बोलतो.

मराठी हळूहळू परत आली. बाईंनी मध्यंतरी गोंडी शिकायला घेतली होती, ती त्यांनी सोडली नाही. भाऊ आता काठी घेऊन आठवड्यातून एकदा कार्यालयात येतात. मागच्या बैठकीत मी बोलत होते, पुढच्या वर्षाचं, निधीचं, कोण राहील कोण जाईल त्याचं. भाऊंनी हात वर केला. सगळे थांबले. त्यांना वाक्य जुळवायला वेळ लागतो, तेवढा वेळ आम्ही कुणीही मध्ये बोलत नाही. ते म्हणाले, "तू... लय... घाबरून बोलते."

"घाबरलेच आहे, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि समोरची चहाची बशी डाव्या हातानं माझ्याकडे सरकवली.