रविवारचा बाण

सामान बांधण्यात प्रेमलताबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवरा उदय बँकेत, दर तीन-चार वर्षांनी बदली. नाशिक, भोपाळ, गुवाहाटी, शेवटी कोलकाता. बाईंचा नियम एकच: मागच्या गावात जे एकदाही बाहेर काढलं नाही, ते पुढच्या गावाला न्यायचं नाही. मग उदय गेले, डमडमचा फ्लॅट उरला आणि बांधाबांध संपली.

मुलगा सलील न्यू टाउनमध्ये नोकरीला. टॅक्सीनं अर्धा तास. एवढ्या जवळचा मुलगा महिनोन्महिने येत नाही, हे सांगायची बाईंना लाज वाटे. कोणी विचारलं की "फार कामात असतो" म्हणून त्या विषय बदलत. मात्र रविवारी सकाळी त्याचा फोन चुकत नसे. आईची बिलं, औषधं, बँकेची कामं तो तिकडूनच करी. बाईंनी काँप्युटर सुरू करून पडद्यावरचा नंबर सांगायचा, की तिकडून सलील चालवी तसा माऊसचा बाण इथे आपोआप फिरू लागे. तो बाण म्हणजे सलीलचा हात. बाई शेजारी बसून त्याच्याकडे मायेनं बघत राहत.

काँप्युटर म्हातारा. सुरू व्हायलाच चहा गार होई.

"उघडला का गं?"

"पडद्यावर चाक फिरतंय अजून."

चाक फिरेपर्यंत दोघं बोलत. त्याचा तिरसट साहेब, गॅलरीतला कढीपत्ता, वरच्या मजल्यावरच्यांचं भांडण. पण एकदा तो वैतागला. "आई, नवीन घे ना! माझा अर्धा रविवार यात जातो." ते बाईंना लागलं. उदयनी हौसेनं घेतलेला काँप्युटर त्यांना मोडीत घालायचा नव्हता. शिवाय वाटलं, हा वेळ वाचला तर पोरगा निवांत बोलेल, कदाचित जेवायलाही येईल.

फोनवर एक हिंदी व्हिडिओ बघून बाई पदर खोचून बसल्या. काँप्युटर सुरू होताच कितीतरी प्रोग्रॅम आपणहून जागे होत. उदयचा शेअर बाजाराचा, सलीलच्या कॉलेजातल्या गप्पांचा, कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा. या गावात वापरला का? नाही. मग बंद. दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले होते, त्यातला एक काढला. एकच लग्नाचा व्हिडिओ चार ठिकाणी होता, तीन पुसले. पणत्या रंगवायच्या ब्रशनं पंख्यातली धूळही झाडली. बदलीचा हुकूम आल्यासारखा उत्साह होता अगदी.

रविवारी चाक जेमतेम दिसलं आणि काँप्युटर उघडला.

"अरे वा, आई! कमाल केलीस!"

बाण पळाला. वीजबिल, औषधं, बँक. "झालं सगळं. चल, ठेवतो."

चहा अजून गरम होता. बाई कप हातात धरून बसून राहिल्या. ही गोष्ट सांगताना मला सलीलचा राग येतो, पण खरं सांगायचं तर त्या चाकानं मायलेकरांसाठी काय केलं होतं, हे तोवर दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

बंद केलेलं सगळं पुन्हा सुरू करता आलं असतं. पण टाकलेलं परत घरात आणणं बाईंच्या स्वभावात नाही. पुढच्या रविवारी बाण आला आणि बिलाकडे धावला. बाईंनी माऊस धरला आणि त्याला ओढून मागे आणला. तो परत गेला. त्यांनी परत आणला.

"आई, माऊसवर हात आहे का तुझा? सोड."

"नाही सोडत."

"अगं, मला काम करू दे!"

"बिलाची मुदत अजून आहे. मला इथे एकटीला करमत नाही, सलील. आधी माझ्याशी बोल."

पडद्यावरची ओढाताण थांबली.

"काय बोलू?"

"काहीही. सकाळी काय खाल्लंस?"

"अजून काही नाही."

बाईंनी माऊस सोडला नाही.