बोटीवरचं विमान आणि धुळ्याचा गार्ड

नौदल सोडून मी यावलजवळच्या आमच्या गावी परत आलो, तेव्हा माझं विमानही सेवेतून जायच्या बेतात होतं. एकाच माणसाला बसता येईल असं ते जुन्या बनावटीचं जेट. विमानवाहू बोटीवरून उडायचं, समुद्रापलीकडच्या लक्ष्यावर हल्ला करायचा आणि परत त्याच हलत्या बोटीवर उतरायचं, एवढ्यासाठी ते बनवलेलं. बारा वर्षं मी ते उडवलं. मोठे भाऊ अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले, केळीची बाग बघायला कुणी उरलं नाही, म्हणून आलो. बायको पुण्यात शाळेत शिकवायची, मुलगीही तिथंच शिकत होती. "वर्ष-दोन वर्षांत येतोच," असं सांगून मी निघालो होतो. ती दोन वर्षं संपलीच नाहीत.

गावात मला सगळे पायलट म्हणू लागले. पारावर बसलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय पायलटभाऊ, दुबईले किती खेपा गेल्ते?" मी प्रवासी विमान कधी चालवलं नाही, हे मी सुरुवातीला समजावून सांगायचो. बोटीवर विमान उतरतं म्हटल्यावर लोक एकमेकांकडे बघायचे. एका सव्वीस जानेवारीला शाळेत मला बोलायला उभं केलं. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो, डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात, आकडा तारेत अडकला की विमान थांबतं, इथपर्यंत मी आलो होतो. तेवढ्यात हेडमास्तरांनी हळूच सांगितलं की जिलेबी गार होतेय. मी "जय हिंद" म्हणून खाली बसलो. त्यानंतर मी ते सांगायचं सोडून दिलं.

केळीच्या बागेत क्षितिज नसतं. चार पावलांपलीकडे पानं, त्यांच्यापलीकडे पानंच. समुद्रावर मला चारी बाजूंनी सरळ रेषा बघायची सवय होती. सुरुवातीला बागेत शिरलं की जीव कोंडल्यासारखा व्हायचा, आणि मी पाणी सोडायचं निमित्त करून बांधावर येऊन उभा राहायचो. तिथून सातपुडा दिसे. स्वयंपाकघरात वहिनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवायच्या तेव्हा मी दाराशी जाऊन थांबायचो. आमच्या जेटच्या इंधनाला जवळपास तोच वास होता. वहिनींना वाटायचं मला चहा हवाय. त्या न विचारता कप पुढे करायच्या आणि मी तो घ्यायचो.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग एकदा धुळ्याला माजी सैनिकांचा मेळावा होता. जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांतले लोक आले होते. सगळे पायदळातले, तोफखान्यातले; आपापल्या पलटणीचे घोळके करून बसलेले. नौदलातलं कुणी दिसेना. मी शेवटच्या रांगेत भिंतीला डोकं टेकून बसलो. भाषणं चालू होती. थोड्या वेळानं खाकी गणवेशातला एक सडपातळ माणूस येऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.

"तुम्ही बोटवरना पायलट शेतस ना?" त्यानं विचारलं.

मी चकितच झालो. "कशावरून ओळखलंत?"

"डोकं मागे टेकून, हनुवटी वर करून बसलात, त्यावरून. उडायच्या आधी तुम्ही सगळे असेच बसायचे. नाहीतर मानेला हिसका बसायचा."

तो आमच्याच बोटीवर डेकवर काम करायचा. वाफेच्या दाबानं विमान पुढं फेकणारं यंत्र असतं. विमान आणि ते यंत्र यांच्यामध्ये पोलादी दोर अडकवायचा, हे त्याचं काम. मी दीडशेहून जास्त वेळा त्या डेकवरून उडालो असेन. त्यातले कितीतरी दोर त्यानं अडकवलेले असणार. पण मला त्याचा चेहरा आठवत नव्हता. विमानाच्या पोटाखाली वाकलेली पाठ तेवढी आठवत होती. आता तो धुळ्यात एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहत होता.

त्या दिवशी आम्ही मेळाव्याचं जेवण घेतलंच नाही. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात शेवभाजी मागवली आणि पाच वाजेपर्यंत बोलत बसलो. डेकवरची उष्णता, बुटांचे वितळणारे तळवे, पंख वर दुमडून एकमेकांना खेटून उभी केलेली विमानं. मी त्याला उतरताना वरून काय दिसतं ते सांगितलं. बोट आधी आगपेटीएवढी असते, मग एकदम अंगावर येते, आणि आकडा तारेत अडकला की सगळं शरीर पट्ट्यांत जाऊन आदळतं. तो मन लावून ऐकत होता. इतकी वर्षं त्यानं हे खालून पाहिलं होतं.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एस.टी.नं धुळ्याला जाऊ लागलो. जळगाव, एरंडोल, पारोळा करत पोचायला अर्धा दिवस जायचा. त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. त्याची बायको कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढायची. एकदा वाढता वाढता ती म्हणाली, "घरमा यासनं कोनी आयकत नही, भाऊ. तुम्ही उनात का मंग बोलतस."

मी म्हटलं, "माझंही तसंच आहे, वहिनी. इथं आलो की मगच बोलतो."

सहा-सात महिने असे गेले. ते माझ्या गावातल्या मुक्कामातले सर्वांत चांगले महिने. मग एका रविवारी त्यानं आपण होऊन त्या सकाळचा विषय काढला.

त्या सकाळी मी आणि माझा जोडीदार असे दोघे उडणार होतो. आम्ही एकत्र शिकलेलो, हवेत नेहमी शेजारी शेजारी असायचो. आधी त्याचं विमान लावलं होतं, मागे माझं. त्याचं विमान डेकच्या टोकापर्यंत गेलं, पुढे झालं आणि वर जायच्या ऐवजी खाली दिसेनासं झालं. मला माझ्या काचेतून फक्त पाण्याचा एक पांढरा खांब उठलेला दिसला. बोट त्याच्यावरूनच पुढं गेली. हेलिकॉप्टरनं दुपारपर्यंत शोध घेतला. एक हेल्मेट सापडलं.

"तो दोर मी अडकवला होता, साहेब," गार्ड म्हणाला. "दहा वर्षं झाली. रोज आठवून बघतो. नीट बसला होता का? मी हात वर केला तेव्हा दोर पूर्ण बसला होता का? कधी वाटतं, हो. कधी वाटतं, घाई केली. ही बोटं गेली ना, ती त्यानंतरच्या महिन्यात. लक्षच नसायचं. मग डेकवरचं काम मागून सोडलं. कोठारात गेलो. बढतीला नाही म्हटलं. मनी चूक व्हती का नही, कोनीच सांगं नही."

मी हातातला घास ताटात ठेवला. कारण मला ते माहीत होतं.

चौकशीत मी साक्ष दिली होती. प्रत्येक उड्डाणाचं चित्रीकरण व्हायचं आणि त्या सकाळचं चित्रीकरण आम्हा अधिकाऱ्यांना दाखवलं होतं. दोर जागेवर होता, शेवटपर्यंत. ऐन क्षणी इंजिनानं दम सोडला होता. दोष कुणाचाच नाही, असा निष्कर्ष निघाला. आम्ही त्यावर वॉर्डरूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बोललो, जोडीदाराच्या घरी पत्र लिहिलं. पण डेकवर जाऊन त्या दोर अडकवणाऱ्या माणसाला सांगावं, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो रडेल, नाहीतर माझा हात धरेल. त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"महिन्याभरात."

"महिन्याभरात," तो म्हणाला. त्याची बायको दारात उभी होती, तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. शेवटी तो म्हणाला, "तुमची बस चुकेल, साहेब."

पुढच्या महिन्यात मी गेलो. त्यानं पाट मांडला, विचारपूस केली, भावांची तब्येत विचारली. विमानाचा विषय त्यानंही काढला नाही आणि मलाही काढता आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात गेलो तर तो ड्यूटीवर होता, रविवार असूनही. मी बँकेच्या दारापर्यंत गेलो. बँक बंद, तो एकटाच स्टुलावर बसलेला. मला बघून उठून उभा राहिला, जसं कुणाही साहेबाला बघून उठला असता.

"येऊ नको असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "आते झोप लागस, साहेब. पन राग जात नही."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

येताना पारोळ्याला बस बराच वेळ थांबली. लोक उतरून चहा प्यायले, मी जागेवरच बसून राहिलो. त्यानंतर मी धुळ्याला गेलो नाही. दोनेक वर्षांनी मेळाव्यात भेटलेल्या एकाकडून कळलं की तो नोकरी सोडून मुलाकडे सुरतेला राहायला गेला. पत्ता त्याच्याकडे नव्हता.

भाऊ गेले. मुलीचं लग्न पुण्यात झालं. बायकोनं मला कायमचं बोलावलं, आणि मी केळीची कापणी, खोडव्याचं पीक, अशी एकेक कारणं सांगत राहिलो. खरं म्हणजे पुण्यात तरी मी कुणाशी बोलणार होतो, हे मला कळत नव्हतं.

मात्र एक गोष्ट मी केली. त्या सकाळी डेकवर त्या विमानाभोवती आणखी तिघे होते. एकानं चाकांमागचे ठोकळे काढले होते, एकानं इंजिन तपासलं होतं, एकानं जोडीदाराचे पट्टे आवळले होते. जुन्या सहकाऱ्यांना पत्रं टाकून मी त्यांचे पत्ते मिळवले. त्यात वर्ष गेलं. मग तिघांनाही एकच मजकूर लिहिला: काय घडलं होतं, चित्रीकरणात काय दिसलं होतं, आणि हे आम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं.

दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तिसरं, पट्टे आवळणाऱ्याला लिहिलेलं, केरळात गेलं होतं. चार महिन्यांनी त्याचं उत्तर आलं, मल्याळममध्ये. मला एक अक्षर वाचता येईना. भुसावळला एका दवाखान्यात केरळची नर्स होती, तिच्याकडे घेऊन गेलो. ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसली आणि एकेक ओळ वाचून हिंदीत सांगू लागली.

पत्र त्याच्या मुलीचं होतं. वडील जाऊन दोन वर्षं झाली. ते घरात बोटीबद्दल कधीच बोलले नाहीत. विमानाशी त्यांचा काही संबंध होता, हे घरच्यांना माझ्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. ते नेमकं काय काम करायचे, हे सांगाल का, असं तिनं विचारलं होतं.

नर्सनं पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "काय उत्तर देणार?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "लिहितो इंग्रजीत. ते कुणाकडून तरी वाचून घेतील."

घरी येऊन मी ओसरीवर टेबल ओढलं. वहिनींनी चहा आणून ठेवला. मी लिहायला लागलो, की तुमचे वडील शिडीवरून वर यायचे, आमच्या खांद्यांवरचे पट्टे आवळायचे, दोनदा ओढून बघायचे, आणि हेल्मेटवर हलकेच थाप मारून खाली उतरायचे. चौथ्या पानावर शाई संपली, म्हणून उठून दौत आणली.