थंडोबाने गॅस बदलला

थंडोबाचं खरं नाव फक्त बँकेला आणि बायकोला माहीत होतं, आणि बायकोही ते रागावल्यावरच काढायची. थंडोबा हे नाव त्याला दोन कारणांनी चिकटलं होतं. एक म्हणजे धंदा: फ्रीज, बर्फाचे कारखाने आणि अलीकडे हीट पंप. दुसरं म्हणजे स्वभाव. घर पेटलं तरी हा आधी चहा संपवेल, असं बायको म्हणायची.

आगीचं मात्र त्याला भय होतं. तरुणपणी कुणाच्या तरी शेगडीचा गॅस कुठून गळतोय हे बघायला त्याने काडी ओढली होती. गळती सापडली, भुवया गेल्या. एक परत नीट उगवली, दुसरी वर चढून बसली. त्यामुळे समोरचा काहीही बोलला तरी थंडोबाला ते पटलेलं नाही, असंच दिसायचं. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

त्याची मेहुणी गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम चालवायची. तिची आई, म्हणजे थंडोबाच्या सासूबाई, तिथेच राहत. तिकडे हिवाळ्यात नळातलं पाणी गोठायचं. म्हणून थंडोबाने फार पूर्वी तिथे हीट पंप बसवला होता. जमिनीत खोलवर बाराही महिने ऊब असते. तिथे पुरलेल्या नळ्यांमधून पाणी फिरतं आणि ती ऊब वर आणतं. यंत्रातला गॅस ती शोषून घेतो, दाबला की तापतो आणि खोल्या गरम करतो. गॅस यंत्रातच राहावा अशी अपेक्षा असते. पण हे यंत्र म्हातारं झालं होतं आणि तिथल्या रहिवाशांसारखंच त्यालाही काही धरून ठेवणं जमेनासं झालं होतं. दर हिवाळ्यात थंडोबा यायचा, जोड आवळायचा, गॅस भरायचा, जेवायचा आणि जायचा.

त्या वर्षी मेहुणीने त्याला अडवलं. "दाजी, यंत्र बदलायचं. आणि हा गॅस नको. एक किलो हवेत गेला तर दोन हजार किलो धुराएवढी पृथ्वी तापवतो म्हणे."

"पृथ्वीने आजवर माझ्याकडे तक्रार केलेली नाही."

"पृथ्वीकडे तुमचा नंबर नाही."

मग कुठला गॅस घ्यायचा यावर खल सुरू झाला. अमोनिया स्वस्त, पण विषारी. गळला तर आश्रम एका दमात रिकामा होईल, असं थंडोबा म्हणाला आणि मेहुणीने डोळे वटारले. कार्बन डायऑक्साइडला दाब इतका लागतो की नळ्या तोफेच्या घ्याव्या लागतील. एक नवा गॅस आला होता, पृथ्वीला न तापवणारा. पण तो हवेत विरला की त्याचं जे काही होतं ते पाण्यात उतरतं आणि तिथून हलत नाही. राहता राहिला प्रोपेन. तो पृथ्वीला जवळजवळ तापवत नाही आणि यंत्रात उत्तम चालतो. दोष एकच, पेट घेतो.

"प्रोपेन मी बसवणार नाही," थंडोबा म्हणाला.

मेहुणीने सगळ्या रहिवाशांना जेवणघरात बोलावलं. थंडोबाने उभं राहून धोके सांगितले. एक निवृत्त बस ड्रायव्हर होते, त्यांनी विचारलं, "उडालो तर आधी कळेल का?" त्यावर सासूबाई उठल्या. बाईंनी आयुष्यभर बेकरी चालवली होती. आवाजाला भट्टीवरून पलीकडे पोचायची सवय होती.

"जावईबापू, यंत्रात किती असणार तुमचा तो गॅस?"

"तीन छोटी यंत्रं. एकेकात किलो-दीड किलो."

"बेकरीत माझ्या पायाशी सिलिंडरांत याच्या वीसपट असायचा, आणि वर मी पाव भाजायचे. तुम्ही आगीला घाबरत नाही आहात. या वयात शिकायला घाबरताय."

थंडोबाची वर चढलेली भुवई आणखी चढली. घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, "तुझी आई फार बोलते." बायको म्हणाली, "वर्गाला कधीपासून जातोयस?"

प्रोपेनचं काम करायला परवाना लागायचा आणि त्यासाठी वर्ग करून परीक्षा द्यावी लागायची. वर्गात शिकवणारी बाई त्याच्या मुलीच्या वयाची. गळती तपासायला नळ्यांत नायट्रोजन भरून दाब धरून ठेवायचा, असं ती सांगत होती. थंडोबा म्हणाला, "मला कानाने कळतं." तिने त्याला दाब भरलेल्या जोडांना कान लावू दिला. त्याने छातीठोकपणे सांगितलं, कुठेच गळत नाही. तिने जोडावर साबणाचं पाणी सोडलं. तीन ठिकाणी फुगे आले. परीक्षेत तो नापास झाला. आठवडाभर कुणाशी नीट बोलला नाही, फ्रीजशीसुद्धा. पण दुसऱ्यांदा बसला आणि पास झाला, आणि घरच्या कुकरलाही साबणाचं पाणी लावू लागला.

जुना गॅस त्याने बाटलीत काढून रीतसर परत पाठवला. नवी यंत्रं मुख्य इमारतीत न ठेवता मागच्या अंगणातल्या सुट्या खोलीत बसवली. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून भिंतीत जमिनीलगत झरोके ठेवले आणि तिथेच गळती हुंगणारा सेन्सर लावला. हिवाळा आला. खोल्या अशा ऊबदार झाल्या की काहींनी लोकरी मोजे काढले, ज्याचं वासामुळे इतरांना वाईट वाटलं.

मग एका सकाळी सेन्सरचा भोंगा वाजला. यंत्रं आपोआप बंद पडली. मेहुणीने सगळ्यांना पांघरुणांसकट पुढच्या अंगणात काढलं आणि थंडोबाला फोन केला. तो चहा अर्धा टाकून आला. बायकोला हे पुढे कित्येक वर्षं खरं वाटलं नाही.

त्याने रीतीने तपासलं. जोडन् जोड, साबण, यंत्रावरचा दाब. कुठेच काही नव्हतं. तरी खोलीत वास होता. आणि यंत्रातल्या प्रोपेनला वास नसतो. घरच्या सिलिंडरला येतो तो मुद्दाम मिसळलेला. हा तर गुलाबाचा होता.

तो पुढच्या अंगणात येऊन रहिवाशांच्या रांगेकडे बघू लागला. सगळ्यांचे केस उशीवरून उठून आल्यासारखे. सासूबाईंचा अंबाडा मात्र असा की वाऱ्यात एक केस हलत नव्हता. शेजारी ड्रायव्हर, गुळगुळीत दाढी केलेले, सासूबाईंच्याच पांघरुणाचं एक टोक धरून.

थंडोबा सासूबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "आई, केसांवर काय मारलंत?"

"स्प्रे. का?"

"त्या डब्यात तोच गॅस असतो. प्रोपेन आणि त्याचा भाऊ ब्युटेन. तुम्ही सेन्सरच्या तोंडावर फवारलात. पण तिथे गेलात कशाला?"

सासूबाईंनी मान ताठ ठेवली. "ऊब आहे. आणि ती एकच खोली आहे जिथे माझी मुलगी उठसूट शिरत नाही."

थंडोबाने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरनी आभाळाकडे बघितलं.

"खोटा भोंगा," त्याने मेहुणीला जाऊन सांगितलं. "सेन्सरला बाहेरची वाफ लागली."

"कसली वाफ?"

"सुगंधी."

त्याने यंत्राच्या खोलीला कुलूप घातलं. मग कपडे वाळवायच्या खोलीत गेला. गरम पाण्याची नळी तिथूनच जायची. त्याने टोपल्या हलवल्या, दोन खुर्च्या ठेवल्या आणि दाराला आतून कडी बसवली. महिन्याभरात मेहुणीला कळलंच. ती भडकली, मुख्यतः आपल्याला सर्वांत शेवटी कळलं म्हणून. पण वसंतात तिनेच दोघांना एक मोठी खोली दिली.

तिथला खोली तापवणारा रेडिएटर बदलायला थंडोबा गेला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जरा मोठाच बसवा. यांचे पाय रात्री बर्फासारखे असतात."

त्याने हे विचारलेलं नव्हतं. तो खाली बसून नट आवळत राहिला.