डावीकडे झुकणारी जीप

आमच्या ह्यांना सगळे 'कानवाले' म्हणतात. वर्कशॉपच्या पाटीवर वेगळंच काहीतरी लिहिलंय, पण ती पाटी वाचायला कोण थांबतं? डांबरी रस्ता संपून दगडांचा चढ सुरू होतो, त्या वळणावर आमचं वर्कशॉप आणि त्याला लागून मागे घर. वर जाणारी प्रत्येक जीप आमच्या दारावरून जाते आणि खाली येताना बहुतेक कण्हतच येते. पूर्वी हे बाकावर बसल्या बसल्याच सांगायचे, ह्याचा पुढचा शॉकॉब्झर गेलाय, त्याच्या कमानपाट्याचं, म्हणजे चाकावरच्या पोलादी स्प्रिंगचं, पान तुटलंय. ड्रायव्हर उतरेपर्यंत ह्यांच्या हातात पाना असायचा. चुकले असते तर मीच गावभर सांगितलं असतं, कारण नवऱ्याचं कौतुक करत फिरणं माझ्या स्वभावात नाही.

मग कान गेले. एकदम नाही, हळूहळू गेले, आणि ह्यांनी ते लपवलं. मी दूध बघा म्हणून ओरडायची आणि दूध उतू जायचं. मला वाटायचं, माणूस मुद्दाम दुर्लक्ष करतोय. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्याही बाईला असंच वाटेल. एकदा अंगणात एक जीप मागे येत होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता आणि हे पाठ करून उभे, जागचे हलेनात. मी धावत जाऊन दंडाला धरून ओढलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आधी मनसोक्त भांडले, मग आत जाऊन रडले. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र ह्यांनी चार दिवस लावलं आणि हातोडीचा घाव थेट मेंदूत बसतो म्हणून डब्यात टाकलं. ते आजही डब्यातच आहे.

बाई गं, म्हटलं, आता रडून धंदा चालणार नाही. हात पुसले आणि गिऱ्हाइकाच्या जीपमध्ये जाऊन बसले.

तेव्हापासून कान माझे आणि हात त्यांचे. नुसतं 'आवाज येतोय' असं म्हटलेलं ह्यांना चालत नाही. कुरकुर असेल तर सांध्यातला रबरी बुश सुकलाय. खटखट असेल तर शॅकल सैल झालीय. शॅकल म्हणजे कमानपाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला टांगणारी झुलती कडी. आणि धप्प झालं की शॉकॉब्झरचा कारभार आटोपला. मी ऐकायचं आणि ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन तस्संच्या तस्सं करून दाखवायचं. ड्रायव्हर लोक पोट धरून हसायचे. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, कानामागून आली आणि तिखट झाली. मी म्हटलं, तू तुझ्या चाकातली हवा सांभाळ.

ह्यांच्या दोन गोष्टी सगळ्या रस्त्याला माहीत आहेत. एक म्हणजे पाट्याचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी खाली घ्यायची, चाकांवर तिचं वजन पडू द्यायचं, हलवून बसवायची आणि मगच आवळायचं. अधांतरी आवळलेला पाटा पुढे जन्मभर अधांतरीच राहू बघतो, असं हे म्हणतात. आणि दुसरं म्हणजे आवळून झाला की प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की काम कानवाल्यांचं, त्यावर कुणी पाना लावत नाही.

आता लेकीचं सांगते. आमची लेक वरच्या वस्त्यांमधली आजारी माणसं जीपमधून खालच्या दवाखान्यात आणते. बापाने गाडी दुरुस्त करायची आणि लेकीने ती पळवायची, मला मेलीला दोघांच्या काळजीत बसवायचं, असा आमच्या घरचा कारभार. गेले काही महिने तिची जीप डाव्या अंगाला झुकायला लागली होती. दगडावरून जाताना डावीकडून धाडकन आदळायची. शहरातल्या मोठ्या गॅरेजमध्ये तिने डावीकडचे बुश बदलून घेतले, ते फाटले. पुन्हा बदलले, पुन्हा फाटले. हे तिने आम्हाला सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी दुपारी जेवायला थांबली तेव्हा सांगितलं, आणि तेही मला, स्वयंपाकघरात. मांडीचं हाड मोडलेल्या एका म्हाताऱ्याला आणताना प्रत्येक दगडाला तो असा ओरडला की आता ही गाडी घेऊन वर जायचा तिला धीर होईना. जीप शहरात सोडून यायची, खालचं सगळं नवं टाकून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. तोवर वरच्या माणसांना गाडी नाही.

मी विचारलं, बाबांना का नाही दाखवत? तर भाकरी मोडत खाली मान घालून म्हणाली, "आई, त्यांना आता नाही जमायचं. ऐकूच येत नाही तर काय करतील?"

बाप समोरच्या पाटावर जेवत होता. त्याला ऐकू जात नाही हे धरूनच ती बोलली, आणि तेच मला लागलं. माझ्या घरात कुणाबद्दलही त्याच्या तोंडावर त्याला कळणार नाही असं बोलायचं नाही. मी उठले, ह्यांच्या कानाशी वाकले आणि ओरडून सांगितलं, "तुमची लेक म्हणते, तुम्हाला जमायचं नाही!"

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. ह्यांनी घास संपवला, पाणी प्यायले, हात धुतले आणि बाहेर जाऊन जीपसमोर उभे राहिले. रागावलेले वगैरे अजिबात नव्हते. डॉक्टर पेशंटकडे बघतो तसे बघत होते.

मग लेकीला गाडी चालवायला बसवलं, मला तिच्या शेजारी, आणि स्वतः चपला काढून मागे बसले. अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर टेकवले. वर्कशॉपमागच्या दगडगोट्यांवरून आम्ही गोल गोल फिरलो. मी डावीकडचा सगळा तमाशा करून दाखवला, खटखट, कुरकुर, धाडकन. हे मान हलवत होते, पण डोळे मिटलेले आणि सगळं लक्ष पायांत. थोड्या वेळाने म्हणाले, "डावीकडचं पुरे. उजवीकडून काय ऐकू येतंय?"

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. काहीच नव्हतं. हाताने तसं सांगितलं.

"रस्ता इतका खराब, आणि उजवी बाजू गप्प?" हे म्हणाले. "माझ्या उजव्या पायालाही नुसते ठोसे बसतायत. दगड आला की ठोसा. पाटा जरासुद्धा झुलत नाही."

गाडी थांबवून हे उतरले आणि डाव्या बाजूवर दोन्ही हातांनी भार दिला. गाडी खाली गेली, वर आली. उजव्या बाजूवर दिला, तर भिंतीला ढकलल्यासारखं. तिथेच घोडं पेंड खात होतं. डावी बाजू झुकत नव्हतीच, उजवी वर अडकून बसली होती. सगळा भार आणि सगळी आपटाआपट एकट्या डावीच्या वाट्याला, मग तिथले बुश टिकतील कसे? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मला तर विजयाचा इतका आनंद झाला की मी लेकीकडे असं बघितलं, बघ गं, तुझ्या बापाला जमत नाही म्हणे!

हे बॅटरी घेऊन उजव्या बाजूने गाडीखाली सरकले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी वाकून पाहिलं. शॅकलच्या नटावर उजेड पडला होता, आणि त्या नटावर पांढरा ठिपका होता.

माझा आनंद जागच्या जागी विरला.

हे बाहेर आले, गुडघे झटकले आणि सरळ म्हणाले, "हे माझं काम आहे. गेल्या थंडीतलं."

मग सगळं सांगितलं. तेव्हा लेकीची तक्रार होती की उजवीकडून कुरकुर येते. ह्यांनी बुश घातले, आणि कुरकुर गेली की नाही ते ह्यांना कळेना. कान गेलेत हे तोवर कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. म्हणून खात्रीसाठी, गाडी जॅकवर असतानाच, पान्याला पाइप लावून नट आवळत गेले. कुरकुर कायमची बंद झाली, शॅकलचं झुलणंही बंद झालं. स्वतःचा नियम स्वतःच मोडला आणि वर ठिपका दिला.

 लेक माझ्याजवळून पुढे झाली, बापाचा खांदा धरला आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "गॅरेजवाले दोन्ही वेळा म्हणाले होते, उजवी बाजूही उघडून बघू. मीच नाही म्हटलं. म्हटलं, तिथे माझ्या बाबांचा ठिपका आहे, हात लावायचा नाही."

ह्यांनी तोंड फिरवलं. कान गेले त्या दिवसांतही ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं की राग येतो, म्हणून मी म्हटलं, आता दोघं इथे उभेच राहणार आहात की जॅक काढणार आहात?

काम उन्हं असेपर्यंत उरकलं. नट सोडला तसा उजवा पाटा दीर्घ श्वास टाकल्यासारखा खाली आला. दोन्ही बाजूंना नवे बुश घातले, जॅक काढला, जीप चारी चाकांवर उभी केली, आम्ही तिघांनी मिळून तिला हलवलं आणि मग ह्यांनी नट आवळले. सवयीने ब्रश उचलला. थांबले. ब्रश खाली ठेवून पाना लेकीच्या हातात दिला.

"आधी तू बघ. पटलं तर ठिपका दे."

तिने एकेक नट पाहिला. एकावर कपाळाला आठी घातली आणि अर्धा आटा फिरवला, आणि हे चक्क हसले. मग गोट्यांवर फेरी झाली. मी ऐकलं, दोन्ही बाजूंनी सारखीच बारीक सळसळ येत होती. मागे हे मांडी न घालता, दोन्ही तळवे टेकवून बसले होते. तिने खाली उतरून ठिपके दिले, आणि त्याच संध्याकाळी जीप वर नेली, शहराकडे नाही.

आता आमच्याकडे नवा नियम आहे. दुसऱ्या माणसाने पाना लावून पाहिल्याशिवाय ठिपका द्यायचा नाही. बहुतेक वेळा तो दुसरा माणूस मीच असते, आणि मी सहजासहजी पास करत नाही. परवा लेक त्या मांडी मोडलेल्या म्हाताऱ्याला पायाचं प्लास्टर काढायला खाली घेऊन चालली होती. दारात थांबली तेव्हा मी खिडकीतून डोकावले. म्हातारा मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपला होता. मी ह्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि काही न बोलता नुसतं बोटाने दाखवलं.