लेडीज सीटवरचा डबा

गजभिये सर रोज बैहर-बालाघाट बसची दोन तिकिटं काढत. एक स्वतःचं, दुसरं शेजारच्या सीटवर ठेवलेल्या स्टीलच्या डब्याचं. डब्यात जिलेटिन, तेल आणि मैदा मिसळून केलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक अर्धगोल वस्तू असे.

"सर, हे लेडीज सीट हाय. डब्बा खाली ठेवा," कंडक्टर एकदा म्हणाला.

"लेडीजच हाय," सरांनी गंभीरपणे सांगितलं.

मी त्यांचा शेजारी आणि त्याच बसचा प्रवासी. सर बालाघाटच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आणि उरलेल्या वेळात स्तनातली गाठ मायक्रोवेव्हनं शोधणारा अँटेना घडवत. गाठीत पाणी जास्त असतं, म्हणून लहरी तिथून वेगळ्या परततात, एवढा त्याचा आधार. मात्र 'स्तन' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. ते 'मॉडेल' म्हणत. मॉडेलभोवती ते विड्याच्या पानाएवढ्या तांब्याच्या पट्ट्या लावत. आत खाऱ्या जेलीचा वाटाणा दडवलेला असे. तो सापडला की पडद्यावर लाल ठिपका उमटे. वाटाणा दडवायचं काम सरांच्या थोरल्या बहिणीचं, शांताताईंचं.

एके दिवशी शांताताईंच्या स्वतःच्या छातीत तसाच वाटाणा हाताला लागला. सर म्हणाले, नागपूरला डॉक्टरकडे चल.

"परक्या मानसापुढं पदर काढू? नाई जमत. बबन्या, तुह्या मशीननं पाह्य."

"ताई, ते मानसावर चालवलंच नाई अजून."

"वाटाणा सापडते ना? मंग काहून भेतं?"

सोमवारी शांताताई बसमध्ये होत्या. त्यांच्यामागे आळीतल्या चार बायका, त्याही तपासून घ्यायला. सर वाटेत उतरून एक लौकी, म्हणजे दुधी भोपळा, घेऊन आले.

मीही सोबत गेलो. प्रयोगशाळेत त्यांनी आधी लौकी तपासली. तीन लाल ठिपके. मग सहकारी बिसेन सरांचं टक्कल. पडदा लालभडक.

"माह्या खोपडीत गाठ?" बिसेन सर खुर्चीतून उठलेच.

शेवटी वाटाणा असलेलं मॉडेल. पडदा साफ.

"पाह्यलं? बेकार मशीन हाय," गजभिये सर म्हणाले. बायका हसत बाहेर पडल्या. अँटेनाच्या एका वायरचं टोक सरांच्या खिशातून लोंबत होतं.

शांताताई दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेल्या. गाठ वाईट होती, पण वेळेत निघाली.

आळीत सरांचं नाव 'लौकीचे डॉक्टर' पडलं. "सर, भाजी आणली, पाह्यून देता का?" बायका दारातून विचारत. सर "हौ, ठेवा" म्हणत. त्यांनी खुलासा कधी केला नाही.

माझी बदली झाली, त्या दिवशी शेवटचं त्यांच्यासोबत बालाघाटला निघालो. डबा आता शांताताईंच्या मांडीवर होता. नव्या कंडक्टरनं विचारलं, "काकी, काय हाय यात?"

"बाईची छाती," त्या सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सरक तिकडं, धक्का लागंन."

सर खिडकीबाहेर पाहू लागले. कंडक्टर पुढे गेल्यावर शांताताई त्यांच्याकडे झुकल्या.

"बबन्या, आज वायर जागेवर हाय ना?"