अंगणातली निळी खूण

मी मुळातच संशयी आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. परळच्या चाळीत राहणाऱ्या माणसाने भाबडं राहायचं ठरवलं तर गाशा गुंडाळायला वेळ लागत नाही. आमच्या शेजारची चाळ अशीच गेली. आधी दोन माणसं मोजायची फीत घेऊन आली, मग भिंतीवर आणि जमिनीवर रंगाच्या खुणा उमटल्या, मग कागद आले, आणि शेवटी सगळे संक्रमण शिबिरात गेले. ते काही परत आले नाहीत. त्या जागी टॉवर उभा राहिला. माझं ऑफिस त्याच रांगेतल्या दुसऱ्या टॉवरमध्ये आहे, म्हणून खिडकीपाशी उभं राहायला मला आवडत नाही.

तेव्हापासून आमच्या चाळीत एक रीत पडली. अंगणात किंवा भिंतीवर कसलीही खूण दिसली की ज्याला आधी दिसेल त्याने ती दिवेलागणीच्या आत पुसायची. मीटिंग नाही, ठराव नाही. माझी आई यात सगळ्यांच्या पुढे. तिच्याकडे तारेचा ब्रश, थिनरची बाटली आणि एक वेगळी बादलीच आहे. एकदा पोलिओ डोसवाल्यांनी दारांवर खडूने काढलेल्या खुणाही तिने पुसून टाकल्या आणि त्या बिचाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे जिने चढल्या. आम्ही हसलो. आई हसली नाही. "आज खडू, उद्या हातोडो," एवढंच म्हणाली.

त्या वर्षी पावसाने झोडपलं आणि नेमकी त्याच वेळी मोठी भरती आली. कोपऱ्यावरची विजेची लोखंडी पेटी, जिच्यातून आमच्या चाळीला लाईट येते, ती पाण्याखाली गेली. सगळ्या गल्लीची वीज बंद केली गेली. चाळीत बाकीच्यांचे फ्रिज बंद पडले, मोबाईल मरायला टेकले. आमच्याकडे बाबांचं मशीन बंद पडलं.

बाबा गिरणीत विणकर होते. कापसाचा बारीक तंतू आयुष्यभर छातीत गेला आणि म्हातारपणी त्याने हिशेब मागितला. हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या त्या मशीनवर ते दिवसरात्र असतात. नळी लांब घेतली आहे, गॅलरीतल्या खुर्चीपर्यंत पुरते. मशीनला वीज लागते. वीज गेली तर वापरायला एक सिलिंडर आम्ही कॉटखाली ठेवलेला होता. तो लावला. भरून देणारं दुकान लालबागला, आणि तिथे कंबरेएवढं पाणी. हॉस्पिटल तर हाकेच्या अंतरावर, पण बाबांना उचलून तीन जिने उतरवायचे आणि त्या पाण्यातून न्यायचे, हे आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे वीज सिलिंडर संपायच्या आधी यायला हवी होती.

मी फोन घेऊन बसले. शेजाऱ्यांनी थोडी बॅटरी उरलेले आपापले मोबाईल माझ्या हातात आणून दिले. कंट्रोल रूममधली मुलगी गोड बोलली. विजेवाले म्हणाले, पाणी उपसल्याशिवाय पेटी उघडता येणार नाही. पाणी उपसणारे म्हणाले, पंप लावलाय, पण समुद्रच आत येतोय तर आम्ही ते टाकायचं कुठे. नंतर आमच्या गल्लीतलं पाणी उतरलं, लालबागला आणि हॉस्पिटलच्या वाटेवर ते तसंच होतं, तेव्हा विजेवाले म्हणाले, पेटी ठीक आहे, जमिनीखालची केबल कुठेतरी गेलीय. ती जागा शोधायची गाडी येईल, ते खूण करतील. मग पाण्याच्या पाईपवाले आणि गॅसवाले आपली लाईन तिथे नाही ना बघतील. मग खणणारे येतील, मग केबल जोडणारे.

"सगळी खाती एका ग्रुपवर आहेत मॅडम, समन्वय चालू आहे," असं मला सांगण्यात आलं.

समन्वय या शब्दावर माझा अजिबात विश्वास नव्हता. सगळ्यांनी मिळून काहीच न करणं आणि एकमेकांना कळवत राहणं, असा त्याचा अर्थ मी लावला होता. त्यात शेजारच्या टॉवरांमध्ये झगझगीत उजेड. त्यांचा जनरेटर आहे हे मला माहीत होतं, तिथेच तर मी नोकरी करते. तरीही मनात आलंच, की आमची वीज मुद्दाम अडवली असेल. चाळीतल्या लोकांनी कंटाळून सोडून जावं, हे कोणाला नको आहे?

आणि संशय फक्त खात्यांचा नव्हता. बाबांचाही होता. मी पाठ वळवली की ते सिलिंडरची चावी हळूच कमी करत. पुरवून वापरायला. मी पकडलं की म्हणत, "मिया खंय हात लावलंय?" ओठ निळसर दिसत होते आणि हा माणूस माझ्याशी खोटं बोलत होता. मला त्यांचा राग आला आणि लगेच रडूही आलं.

दुपारी एक इंजिनिअर आला. तरुण, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तारवटलेले. मी जिना उतरून अंगणातच त्याला गाठलं.

"सकाळपासून कोणी फिरकलं नाही इथे! वर माझे वडील एकाच सिलिंडरवर आहेत, तोही संपत आलाय!"

"मॅडम, पहाटेच आमची टीम येऊन मार्किंग करून गेली. पाईपवाल्यांनी, गॅसवाल्यांनी नकाशावर बघून ओके दिलं. खणणारी गँग आली, त्यांना मार्किंगच सापडलं नाही. पत्ता चुकला समजून ते पुढच्या कामाला गेले."

"खोटं. कोणी आलं नव्हतं. माणूस नाही, खूण नाही. काम न करता केलं म्हणून लिहायची तुमची सवयच आहे."

चाळ गोळा झाली. सगळे माझ्या बाजूने बोलायला लागले. त्याने मोबाईल काढला आणि त्यांच्या ग्रुपवरचा फोटो माझ्यापुढे धरला. आमचंच अंगण. गणपतीच्या मांडवाचा खांब रोवायला ठेवलेला आणि एरवी पत्र्याच्या डब्याने झाकलेला खड्डा, आणि त्याच्या बाजूच्या फरशीवर ठसठशीत निळा बाण.

मी खाली बघितलं. पुरानंतर सगळ्या अंगणात गाळ बसला होता. आणि डब्याशेजारची तेवढी एक फरशी लख्ख धुतलेली होती. सकाळपासून मी तिच्यावरून चारदा गेले असेन.

माझ्या मागे आई उभी होती. तिचा चेहरा बघून मला काही विचारावंच लागलं नाही. विजेवाले खूण करून जातील, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

"तां मिया पुसलंय," ती म्हणाली. "माका वाटलां, लोकांच्या घरात काळोख हा, ह्यो मोको बघून बिल्डरची माणसां इली. घासून घासून काढलंय गो." मग वर गॅलरीकडे बघत म्हणाली, "ह्यांचोच श्वास पुसलंय मिया."

 मी इंजिनिअरची माफी मागायला वळले. तो मात्र फोटो आणि फरशी ताडून बघत होता. "जागा हीच आहे," तो म्हणाला आणि ग्रुपवर फोन करायला लागला. गँग शिवडीला पोचली होती. ती माघारी बोलावायला तीन वेगवेगळ्या लोकांची परवानगी लागली. त्याने तिघांनाही फोन करून ती मिळवली. तो समन्वय मी पहिल्यांदा कानाने ऐकला. त्यात आर्जव होतं, शिव्या होत्या आणि एक "साहेब, वर पेशंट आहे" होतं.

आई त्या फरशीवर जाऊन बसली. चिखलात, मांडी घालून. ऊठ म्हटलं तर उठेना. गँग आली तेव्हा तिने स्वतः हात टेकून जागा दाखवली. "हयसर खणा," म्हणाली. आमच्या अंगणात कुदळ मारू द्यायची नाही म्हणून जी बाई एकदा पोलिसांपुढे आडवी झाली होती, ती.

दिवेलागणीला लाईट आली. वरून मशीनची घरघर ऐकू आली तेव्हा मी जिन्यातच बसकण मारली. सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता. बाबांना कोणीतरी सगळं सांगितलं होतं. त्यांनी आईला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "बरां केलंस पुसलंस तां. बिल्डरची असती तर?" ती त्यांच्यावर भडकली. मग दोघंही हसली. बाबांना हसताना धाप लागली, तेव्हा ती थांबली.

हे मी इथे संपवलं असतं. पण गेल्या आठवड्यात सकाळी आईने मला खाली बोलावलं. नळाजवळ जमिनीवर एक लाल फुली होती, शेजारी एक आकडा. मी कंट्रोल रूमला विचारलं, विजेवाल्यांना विचारलं, पाईपवाल्यांना, गॅसवाल्यांना. प्रत्येकाने सांगितलं, आमची नाही, पण दुसऱ्या खात्याची असू शकते.

आई बादली घेऊन उभी होती. ब्रश हातात.

"बिल्डरची असली तर?" तिने विचारलं.

"तर घर जाईल."

"आणि मिया पुसलंय, नि ती लाईटवाल्यांची असली तर?"

 वर गॅलरीत बाबा नळी लावून खुर्चीत बसले होते, आमच्याकडेच बघत. आईने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग ब्रश बादलीत टाकला आणि ती जिना चढायला लागली.

फुली अजून तिथेच आहे.